दोडक्याला फूल आलं की

एक होतं तळं, आणि त्या तळ्याला एक खोड होती. ऊन तापायला लागलं की ते पळून जायचं. एकदम नाही, हळूच, रोज पाऊलभर, कुणाचं लक्ष नाही असं बघून. जाताना मागं टाकून जायचं काळाभोर, मऊमऊ, लोण्यासारखा गाळ. मग भोवरवाडीची माणसं त्या गाळात उतरायची, दोरी धरून त्याचे पट्टे पाडायची आणि दर घराला एक पट्टा द्यायची. उन्हाळाभर त्यात भाजी लावायची, खायची, विकायची. पावसात तळं घरी परत आलं की ज्याची जागा त्याला परत. भांडण नाही, तंटा नाही. म्हणजे थोडा व्हायचा, पण तो मोठ्या माणसांना करमत नाही म्हणून.

चैत्रात बांधावर उभं राहून बघितलं तर वाटायचं, कुणीतरी तळ्यात गोधडीच वाळत घातली आहे. हिरवं ठिगळ भेंडीचं, पोपटी ठिगळ काकडीचं, मधेच कोथिंबिरीची इवलीइवली झालर. या गोधडीचं अगदी कोपऱ्यातलं, पाण्यापासून सगळ्यात लांबचं ठिगळ होतं हौसाचं.

हौसा होती एवढीशी. डोक्यावर कळशी घेतली की लांबून वाटायचं, कळशीलाच पाय फुटलेत. फ्रॉकला मागं बटण नव्हतं, तिथं बाभळीचा काटा टोचलेला. पायात चप्पल नव्हती, त्यामुळं ती हरवायचीही भीती नव्हती. बाबा तिला आठवत नव्हते. आई मात्र आठवायची, इतकी आठवायची की त्याला काही धरबंधच नव्हता.

होळी झाली आणि आई लांब विटांच्या भट्टीवर कामाला गेली होती. जायच्या आदल्या रात्री तिनं एक वाळका दोडका कानापाशी खुळखुळ वाजवला, फोडला आणि आतलं काळंकाळं बी वाटीत काढलं.

"पाणी तू घाल," आई म्हणाली.

हौसानं तांब्यातनं बारीक धार धरली. दोडक्याचं बी फार कडक असतं, रात्रभर भिजल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. सकाळी आईनं बी निम्मंनिम्मं केलं. निम्मं हौसाच्या मुठीत, निम्मं स्वतःच्या पदराच्या गाठीत.

"हे तू इथं गाळात लाव. मी तिथं झोपडीपाशी लावते. दोडक्याला फूल आलं की मी निघाले म्हणून समज."

"आणि नाही आलं तर?"

"दोडका आहे तो. तुझ्याएवढा हट्टी नाही. येतंय फूल."

एवढं बोलून आई एसटीत चढली. खिडकीतनं तिचा हात दिसला, मग नुसती खिडकी दिसली, मग धुरळा.

तेव्हापासून हौसा राहायची भागुमावशीकडं. मावशी वाईट नव्हती, गोष्टीतल्या मावश्यांसारखी तर मुळीच नव्हती. पण तिच्या घरात पोरंच इतकी की जेवायला हाक मारताना ती सगळ्यांची नावं घेत सुटायची आणि हौसाचं नाव शेवटी यायचं. तोवर भाकरीचा चतकोर उरलेला असायचा.

"अगं खा की पोटभर," मावशी म्हणायची. "त्या वेलाकडं बघून पोट भरतं होय?"

"भरतं," हौसा म्हणायची, आणि चतकोर हातात घेऊन तळ्याकडं पळायची.

तिनं आळी केली होती. बी रुजलं, दोनदोन जाडसर पानं हात जोडल्यासारखी वर आली. दुपारचं ऊन त्यांना चावायला लागलं, तशी हौसानं पळसाच्या पानांच्या टोप्या करून एकेकाच्या डोक्यावर ठेवल्या. संध्याकाळी टोप्या काढायच्या, सकाळी घालायच्या. वेल हातभर झाले तेव्हा काट्याकुट्यांचा पिटुकला मांडव केला. त्यांच्या केसासारख्या बारीक तंतूंना ती काडी धरायला शिकवायची. "इथं धर. अस्सं. सोडू नकोस," असं ती त्यांना बजावायची.

कळशीखाली ठेवायला तिच्याकडं एक चुंबळ होती, आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची. तिला आईचा वास होता, चुलीचा, खोबरेल तेलाचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याला नाव नाही. कळशी भरायच्या आधी हौसा चुंबळ नाकाला लावायची. जास्त वेळ नाही. वास संपला तर काय घ्या.

भोवरवाडीच्या गाळात एक रिवाज होता. दिवसाची शेवटची कळशी शेजाऱ्याच्या पट्ट्यात ओतायची. कुणी पाडला, कधी पाडला, कुणाला ठाऊक नाही, पण तो मोडला तर तळं रुसतं आणि जरा जास्तच लांब पळतं, असं म्हणत.

हौसाचे शेजारी होते केरबानाना. त्यांच्या काकड्या होत्या, आणि काकडीपेक्षा मोठ्या मिशा होत्या.

"आली का पाटकरीण, पाणी पाजायला," हौसा दिसली की नाना म्हणायचे. "काय म्हणतोय दोडका? माझ्या मिशा वाढतील लवकर, पण तुझा दोडका काय वाढायचा नाही."

"तुमच्या मिशांना पण एक तांब्या घालू का नाना?"

"घाल की. पण आधी काकडीला घाल. आणि नीट बुडाशी ओत, पानावर सांडू नकोस. कुणाची पोर तू?"

"आईची," हौसा म्हणायची.

उन्हं उतरली की हौसा बांधावर जाऊन बसायची. तिथनं सडक दिसायची. संध्याकाळची एसटी यायची, थांबायची, जायची. तळं आणखी पाऊलभर मागं गेलेलं असायचं. हौसाला वाटायचं, सगळ्या चांगल्या वस्तू लांबच का जातात?

एके दिवशी ऊन असं होतं की सरडेसुद्धा एका पायावर उभे होते. हौसानं शेवटची कळशी नानांच्या काकड्यांना ओतली. तळाशी घोटभर पाणी उरवलं होतं, स्वतःला प्यायला. घशाला नुसती कोरड पडली होती. तिनं कळशी तोंडाला लावली आणि तेवढ्यात पायाखालनं कुणीतरी शिंकलं.

गाळाला उन्हानं भेगा पडल्या होत्या. त्यातल्या एका भेगेतनं आवाज आला, मुंगीच्या पैंजणाएवढा बारीक. "कुणी आहे का वर? असलं तर पाणी. नसलं तर राहू द्या."

हौसानं कळशीकडं बघितलं. भेगेकडं बघितलं. घोट गिळल्यासारखं नुसतंच केलं आणि उरलेलं पाणी भेगेत ओतलं.

आधी बुडबुडे आले, निळे, गुलाबी, मोरपंखी. मग वर आली एक परी. उंचीला भेंडीएवढी. कांद्याच्या जांभळ्या सालीचा परकर, मासोळीच्या खवल्यांची चमचमती चोळी, केसात तिळाचं पांढरं फूल आणि नाकाला लागलेला चिखल.

"तू खरी परी?" हौसानं विचारलं.

"मग काय, गोगलगाय? मी गाळपरी. फुलपऱ्या, चांदणपऱ्या त्या वरच्या. आम्ही तळाच्या. पाण्याखाली राहतो, कमळाची मुळं झाडतो." परी हळूच काठावर बसली. "या वर्षी मला जरा डुलकी लागली. जागी होऊन बघते तर तळं निघून गेलेलं. मला न घेताच."

हौसाला एकदम तिच्याशी खूप बोलावंसं वाटलं. "मी नेऊ तुला? कळशीत बस."

"परी आपल्या पंखांनी उतरली तरच पाणी तिला ओळखतं. कळशीतनं गेले तर बेडूक हसतील." परीच्या पाठीवर चतुराच्या पंखांसारखे दोन पंख होते खरे, पण ते उन्हानं पापडासारखे कडक झाले होते. ती त्यांच्याबद्दल आणखी काही बोलली नाही. तिनं परकराच्या खिशातनं वाटाण्याएवढा शंख काढला. आत तीन थेंब लुकलुकत होते, हिऱ्याचे डोळे असल्यासारखे. "तू मला पाणी पाजलंस. आता हे तुझे. ज्या झाडावर टाकशील त्याच्याबद्दलची इच्छा पुरी होईल. पण नियम आहेत."

"किती?"

"तीन. चौथा होता, तो मी विसरले. एक, थेंब झाडावरच चालतो, माणसावर नाही. माणूस आणायचा, न्यायचा, बदलायचा नाही. दोन, ज्या झाडाला तू स्वतःच्या हातानं पाणी घातलंयस त्याच्यावरच चालतो. तीन, टाकला तो टाकला. मग रडलीस तरी परत नाही."

माणूस आणायचा नाही, हे ऐकून हौसाचं तोंड उतरलं. पण मग तिच्या डोळ्यात असं काही चमकलं की परीलाच जरा भीती वाटली. हौसा मनात म्हणाली, माणूस नाहीच आणायचा मला. मला फक्त फूल आणायचंय. फूल आलं की माणूस आपला आपण येतो.

तिनं शंख घेतला, मांडवापाशी धावली आणि पहिला थेंब वेलावर टाकला. "फूल येऊ दे. आत्ता."

आणि काय सांगू. वेल शहारला, पानापानातनं हिरवा उजेड धावला, आणि फट्फट् फट्फट् पिवळी फुलं उमलली. एक नाही, अख्खा मांडव. हळदीनं माखल्यासारखा, छोट्याछोट्या सूर्यांनी भरल्यासारखा. भुंगे तर गोंधळून एकमेकांवरच आपटले.

हौसा बांधाकडं पळाली. काटा निघून फ्रॉक मागनं उघडा पडला तरी पळाली. एसटी आली. कोंबड्या घेऊन एक म्हातारा उतरला. लग्नाची बॅग घेऊन एक नवरी उतरली. मग दार लागलं. हौसा तिथंच उभी राहिली. शेवटी मावशी आली, ओरडायलाच आली होती, पण हौसाकडं बघून ओरडली नाही. पदरानं तिची पाठ झाकली आणि घरी घेऊन गेली.

सकाळी सगळी फुलं मान टाकून खाली पडली होती. एकाच्याही मागं दोडका नव्हता.

"पोकळ फुलं होती," केरबानाना खोकत म्हणाले. त्यांचे डोळे तापानं लाल झाले होते. "वेलाला घाई केली की नुसता दिखावा होतो, पोरी. कशाला एवढी घाई?"

"फूल आलं की आई येणार होती."

"कुठलं फूल बघून? तुझं तिला इतक्या लांबनं दिसतंय होय?"

हौसाला तेव्हा कुठं आठवलं. पदराची गाठ. निम्मं बी. आई तिकडं तिच्या वेलाकडं बघत होती, आणि तो वेल होता विटांच्या भट्टीपाशी, जिथं वारासुद्धा भाजलेला असतो. तो जगला तरी होता का, कुणास ठाऊक. हौसानं चुंबळ नाकाला लावली. वास आता अगदी पुसट झाला होता.

नाना त्या दिवशी घरी गेले ते अंथरुणाला खिळले. वर गरम वारा सुटला. त्यांच्या काकड्यांनी आधी पानं पाडली, मग माना टाकल्या. हौसा एकामागनं एक कळश्या ओतत राहिली, तिची मान मोडायला आली, पण वारा पाणी ओतायच्या आधीच पिऊन टाकायचा. नानांना लेक नव्हती, लेक नव्हता. या काकड्यांवरच त्यांचा उन्हाळा होता.

शंखात दोन थेंब होते. हौसानं शंख मुठीत धरला, सोडला, परत धरला. आपल्यासाठी ठेवावेत असं तिला फार वाटलं. इतकं वाटलं की तिनं शंख चक्क पाठीमागं लपवला, स्वतःपासनंच. मग तिला आठवलं, रोजची शेवटची कळशी तिनंच यांना पाजली होती. तिच्याच हातची होती ही सगळी.

"नाना बरे होईस्तोवर जगा रे," ती म्हणाली, आणि दुसरा थेंब सोडला.

काकडीच्या रोपांनी कुत्र्याच्या पिल्लांसारखे कान टवकारले. टवटवीत, पोपटी, गुदगुल्या झाल्यासारखी हलायला लागली. नानांचा ताप उतरला आणि ते काठी टेकत आले, तेव्हा काकड्या मांडीएवढ्या लोंबत होत्या. नाना मिशीला पीळ देत म्हणाले, "बघितलंस, माझ्या हाताला कसा गुण आहे ते." हौसा म्हणाली, "हो नाना." हसू दाबताना तिला ठसका लागला.

आता एकच थेंब. उन्हं कलली तशी हौसा भेगेपाशी जाऊन बसली.

"परी, हा आईच्या वेलावर टाकता येईल?"

"त्याला तू पाणी घातलंयस?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. भट्टी लांब होती, बघायला कोण जाणार? हौसानं तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली. "नाही. मी तिकडं कधी गेलेच नाही."

परी तळ्याकडं बघत होती, जिथं पाणी आता चांदीच्या वाटीएवढं लहान दिसत होतं. हौसानं ते बघणं ओळखलं. ती स्वतः बांधावर बसून सडकेकडं बघायची, तेच ते. वारा आला आणि परीच्या पंखांची कड कांद्याच्या सालीसारखी कुरकुरली, एक बारीक तुकडा मोडून उडून गेला.

"तुझे पंख कशानं उघडतील?" हौसानं विचारलं.

"परीनं मागायचं नसतं," परी म्हणाली. "हा बघ, हाच चौथा नियम."

हौसा बराच वेळ शंख बघत राहिली. थेंबात तिला मांडव दिसला, सडक दिसली, एसटीच्या खिडकीतला हात दिसला. मग तिनं शंख परीच्या पाठीवर वाकडा केला.

"अगं, मी झाड नाही," परी म्हणाली.

"गाळात उगवलीस. मी पाणी घातलं, तेव्हाच वर आलीस. माझ्या लेखी झाडच."

परी हसायला लागली आणि हसताहसताच पंख उघडले. केवढे सुंदर पंख. मधल्या शिरा सोनेरी, कडेला निळ्याजांभळ्या लहरी. तिनं ते झटकले तसं त्यांच्यावरनं पाणी उडालं. सगळ्यात शेवटी एक थेंब निथळला, तो परीनं चटकन ओंजळीत झेलला.

"तुझ्या पट्ट्याच्या कडेला मी राहिले," परी म्हणाली. "म्हणजे तू माझी शेजारीण. शेवटचं पाणी शेजाऱ्याला, असा रिवाज आहे ना तुमच्यात? बोल. पण नियम तेच हं."

"माझं एकच मागणं आहे, आणि ते तर नियमात बसत नाही," हौसा म्हणाली. तिनं रिकामी कळशी जवळ ओढली, चुंबळीवर गाल टेकला आणि डोळे मिटले. चुलीचा वास आला, तेलाचा आला. आणि त्याच्यामागनं हळूच ती रात्र आली. वाटी. काळंकाळं बी. पाणी तू घाल.

हौसा ताडकन उठली. "परी, बी मी भिजवलं होतं. सगळं. आईचं निम्मंसुद्धा. तिच्या पदरात बांधलं ते माझ्याच पाण्यानं ओलं होतं."

"मग पहिलं पाणी तुझंच की," परी म्हणाली. "वेडाबाई, इतका वेळ लावलास."

तिनं ओंजळीतला थेंब लांब आईच्या वेलाच्या दिशेनं फुंकला आणि ती उडाली. सूर्य तेव्हा तळ्याला नुकता टेकला होता आणि पाण्यावर सोन्याची वाट पडली होती. परी त्या वाटेवरनं गेली, आधी भेंडीएवढी, मग तिळाएवढी, आणि मग अख्खं तळं क्षणभर लख्ख पेटल्यासारखं झालं. उजेड शांत झाला तेव्हा परी नव्हती. गाळावर एक खवला तेवढा चमचमत होता.

दुसऱ्या दिवशी हौसा बांधावर गेली. एसटीतनं आई उतरली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. तिच्या मांडवावर एक कळी आली होती, खरी कळी, आपल्या वेळेनं आलेली, मागं बोटाएवढा हिरवा दोडका घेऊन. ती उमलेपर्यंत तिला पाणी हवं होतं. हौसा डोक्यावर चुंबळ ठेवून, कळशी घेऊन, लांब गेलेल्या पाण्यापासनं चालत येत होती. ऊन उतरलं होतं. कळी उलगडायला लागली होती.

आणि चुंबळीचा वास एकदम वाढला.

हौसाला वाटलं, वाऱ्यानं असेल. मग डोक्यावरची कळशी हलकी झाली. अगदीच हलकी झाली, जशी नाहीच. कुणीतरी ती मागनं उचलून घेतली होती.

"किती भरतेस गं ही, मान मोडेल ना," आई म्हणाली.

हौसा वळली नाही. वळली आणि आई नसली तर? तिनं तसंच पुढं बघत विचारलं, "फूल आलं?"

"आलं. वेल पार वाळला होता बघ, मी आशाच सोडली होती. परवा कामावरनं येऊन बघते तर पिवळंधमक फूल, मागं एवढासा दोडका. मालक म्हणाला, पावसापर्यंत थांब. मी म्हटलं, फूल आलंय, आता मी नाही थांबत."

तेव्हा हौसा वळली. आईच्या केसात विटांची लाल धूळ होती आणि त्या धुळीत दोडक्याचं फूल खोचलेलं होतं. पुढं काय झालं ते सांगत नाही, कारण दोघींची तोंडं एकमेकींच्या खांद्यात होती आणि कुणाला काही दिसलं नाही. फक्त पलीकडनं केरबानाना मोठ्यानं म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं बुवा," आणि मिशीनंच डोळे पुसायला लागले.

त्या संध्याकाळी मायलेकींनी मिळून पाणी भरलं. शेवटची कळशी नानांच्या पट्ट्याकडं न्यायची, तर नाना म्हणाले, "माझं भागलंय. दुसरा कुणी शेजारी बघा."

"आहे ना," हौसा म्हणाली. तिनं आईचा हात धरला, भेगेपाशी नेलं आणि कळशी वाकडी केली. आतनं बुडबुडे आले, निळे, गुलाबी, मोरपंखी. आईला बऱ्याच गोष्टी न विचारता कळतात.

अशी ही दोडक्याची गोष्ट, मांडवावर चढली, फुलली, पिकली. आता ऐकून घसा कोरडा झाला असेल तर पाणी प्या, आणि शेवटचा घोट शेजारी बसलाय त्याला द्या.